लायगेज विकरांचा अभ्यास कसा करावा

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे नीटची तयारी करणारे बहुतेक विद्यार्थी लायगेजचे, म्हणजे रेणू एकमेकांना जोडणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे), नाव ओकाझाकी तुकड्यांच्या (डीएनएची प्रत बनताना तयार होणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) निमित्ताने वाचतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. या विकरांचे पेशीतील काम व त्यांच्याशी निगडित आजार खरोखर समजून घ्यायचे असतील, तर प्रत्येक लायगेजसाठी वहीचे एक पान राखावे आणि त्यावर तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत : ते काय कशाला जोडते, ऊर्जा कोठून येते, आणि ही जोडणी झाली नाही किंवा भलतीकडे झाली तर काय घडते.

आरंभ डीएनए लायगेजपासून करावा. मानवी पेशीत हे विकर एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूमधील एएमपी हा भाग आधी स्वतःच्या लायसिन या अमिनो आम्लावर घेते, मग तो तुटलेल्या धाग्याच्या ५' टोकावरील फॉस्फेटला देते. शेजारचे ३' हायड्रॉक्सिल त्या फॉस्फेटशी जोडले गेले की एएमपी सुटतो आणि बंध पूर्ण होतो. हे टप्पे पाठ करण्यापेक्षा आकृती काढून पाहावेत. दोन्ही धागे एकदम तुटले, तर ते सांधण्यासाठी लायगेज ४ लागते, आणि प्रतिपिंडांची जनुके घडवतानाही तेच लागते. म्हणूनच त्याच्या जनुकात दोष असलेल्या मुलांचे डोके लहान राहते, रोगप्रतिकारशक्ती दुबळी असते आणि किरणोत्सर्ग त्यांना सोसत नाही.

यानंतर युबिक्विटिन लायगेजकडे यावे. माझ्या मते आजारांच्या दृष्टीने सर्वाधिक वेळ येथेच द्यावा. ही विकरे प्रथिनांवर युबिक्विटिन हे छोटे प्रथिन खुणेसारखे जोडतात, आणि तशी साखळी लागलेली अनेक प्रथिने प्रोटिएसोममध्ये, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या पेशीतील यंत्रणेत, नष्ट होतात. येथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जपून लिहावे, कारण ही जोडणी एकामागोमाग काम करणाऱ्या तीन विकरांची मालिका करते आणि एटीपी खर्च होतो तो तिच्यातील पहिल्या, ई१ या विकराच्या पायरीवर; लायगेज हे तिसरे, म्हणजे ई३.

यूबीई३ए हे एकच युबिक्विटिन लायगेज शेवटपर्यंत तपासावे. मेंदूच्या चेतापेशींत त्याच्या जनुकाची आईकडून आलेली प्रतच कार्यरत असते. ती निकामी झाल्यास बोलणे व बौद्धिक विकास खुंटतो, झटके येतात, आणि हाच अँजेलमन सिंड्रोम होय. उलट, एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) १६ व १८ या विषाणूंचे ई६ प्रथिन याच विकराला पी५३ या रक्षक प्रथिनावर वळवते, पी५३ नष्ट होते आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. हा विषय आपल्या दारचाच आहे : तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ महिलांचा समावेश असलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या गटाला एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ करण्यात आली त्यात या कर्करोगाचे मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा जवळजवळ निम्मे आढळले.

सरावासाठी पार्किन आणि व्हीएचएल या युबिक्विटिन जोडण्याशी निगडित प्रथिनांची दोन पाने स्वतः भरावीत. पहिल्याच्या दोषातून कमी वयातला पार्किन्सन्स उद्भवतो. दुसरे नसल्यास एचआयएफ हे ऑक्सिजन कमी पडल्यावर काम करणारे प्रथिन ऑक्सिजन पुरेसा असतानाही साचत जाते आणि मूत्रपिंडात कर्करोगाच्या गाठी होऊ शकतात.