जमीन-मिळकतीची वकिली: नव्या वकिलाने पाया कसा घालावा

बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद मिळाली आणि अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाली, की कायद्याच्या दृष्टीने वकील व्यवसायास पात्र ठरतो. जमीन-मिळकतीच्या कामासाठी मात्र तो तेव्हा पुरता तयार झालेला नसतो. या कामाचे निम्मे ज्ञान तलाठी कार्यालयातल्या फेरफारांत (हक्क बदलल्याच्या नोंदींत), नगर भूमापनाच्या मालमत्ता पत्रकांत आणि दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक 2 मध्ये (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीत) विखुरलेले असते, आणि ते कागद वाचायला महाविद्यालयात सहसा कोणी शिकवत नाही. या शाखेत वकिलाचे नाव होते ते त्याच्या सर्च व टायटल रिपोर्टवर, म्हणजे जुन्या नोंदी शोधून मालकी हक्काविषयी दिलेल्या अहवालावर. ज्याच्या रिपोर्टवर बँक, खरेदीदार आणि समोरचा वकील असे तिघेही विसंबू शकतात, त्याला पुढे काम शोधत फिरावे लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवातीची काही वर्षे अशा ज्येष्ठ वकिलांकडे काढावीत, ज्यांच्याकडे दस्त तयार करण्याचे, महसुली अपिलांचे आणि दिवाणी न्यायालयातल्या वाटपाच्या दाव्यांचे अशी तिन्ही प्रकारची कामे येतात. केवळ दस्त लिहिणाऱ्याच्या हाताखाली नमुने पाठ होतात, पण खरेदीखतावर एका बहिणीची सही राहून गेली तर पुढे काय घडते, हे वाटपाच्या दाव्याची उलटतपासणी ऐकल्याशिवाय नीट उमगत नाही.

सातबारा वाचताना आजच्या उताऱ्यापासून आरंभ करून एकेक फेरफार मागे जावे. उताऱ्यावर वर्तुळात दिलेला प्रत्येक फेरफार क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, त्या प्रत्येकाची नक्कल मागवावी आणि कोणते नाव कोणत्या आधारे आले व कोणते कोणत्या आधारे कमी झाले, याची साखळी स्वतःच्या हाताने लिहून काढावी. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. पण फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणून फेरफारामागचा मूळ दस्त, मृत्युपत्र किंवा हुकूमनामा पाहिल्याशिवाय साखळीची ती कडी पक्की धरू नये.

जुन्या उताऱ्यांवर एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरे दिसतात. ती व्यक्ती एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून नोंदली गेली आहे, म्हणजे नाव एकाचे असले तरी हिस्से अनेकांचे आहेत, एवढा अर्थ तिथेच लक्षात घ्यावा. पुढे कोणीतरी ती अक्षरे गाळून नवा उतारा तयार केला असेल, तर नेमक्या त्या फेरफारापाशी थांबून भावंडांची आणि विशेषतः बहिणींची चौकशी करावी. 2005 च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलींना जन्मतःच सहदायादाचा (वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतल्या वाटेकऱ्याचा) हक्क मिळाला, आणि त्यासाठी वडील त्या तारखेला हयात असणे आवश्यक नाही, हे विनीता शर्मा प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट झाले. 20 डिसेंबर 2004 पूर्वीचे नोंदणीकृत वाटप किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले वाटप मात्र या दुरुस्तीने बाधित होत नाही. त्यामुळे वाटपाची तारीख आणि त्याचे स्वरूप ही दोन उत्तरे फाइलमध्ये लेखी असलीच पाहिजेत.

‘इतर हक्क’ या रकान्याकडे घाईत दुर्लक्ष होते, आणि पुष्कळदा सगळा धोका तिथेच असतो. कुळाचे नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, नवीन शर्त किंवा भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरावर शासकीय बंधन असलेली जमीन), पुनर्वसनाचा शेरा, कूळ कायद्याच्या कलम 43 चे बंधन यांपैकी प्रत्येकाची वाट निराळी आहे. 1948 च्या कूळ कायद्याखाली 1 एप्रिल 1957 रोजी कूळ खरेदीदार मानले गेले. त्या जमिनीचे 32-म प्रमाणपत्र (कुळाच्या खरेदीचा दाखला) निघाले का, केव्हा निघाले आणि 2014 च्या दुरुस्तीप्रमाणे प्रमाणपत्रापासून दहा वर्षांनंतर परवानगीशिवाय हस्तांतरण करण्याच्या अटी पूर्ण होतात का, हे पाहावे लागते. मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आणि विदर्भात 1958 चा कायदा लागू असल्याने पुण्यात शिकलेली कलमे तिथे जशीच्या तशी लावता येत नाहीत. विक्रेता आदिवासी असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ मधील पूर्वपरवानगीची बाब सर्वांत आधी हाताळावी. गोव्यात तर विवाहाबरोबर येणाऱ्या संपत्तीच्या सामाईक मालकीमुळे पती-पत्नी दोघांच्या सह्यांचा प्रश्न येतो आणि वारसांसाठी इन्व्हेंटरीची (वारस आणि मिळकत ठरवून वाटणी करण्याची न्यायालयीन) कार्यवाही पाहावी लागते. तिथले काम तिथल्या वकिलाबरोबरच करावे.

सर्च साधारणपणे 30 वर्षांचा घेतात. शासनाच्या दाव्याची आणि गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याची मुदत 30 वर्षांची असल्याने या प्रथेला आधार आहे, पण मालकीचे मूळ त्याआधीच्या वाटपात असेल तर तेवढ्यावर थांबू नये. ऑनलाइन सर्चमध्ये सर्व जुनी वर्षे मिळत नाहीत, म्हणून कार्यालयात बसून सूचीची पुस्तके चाळण्याची सवय लावून घ्यावी. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विक्रेत्याच्या आणि त्याच्या वाडवडिलांच्या नावाने दावे शोधावेत. जाहीर नोटीस त्या भागात खरोखर वाचल्या जाणाऱ्या मराठी दैनिकात द्यावी. शेवटी जागेवर जाऊन चतुःसीमा पाहावी आणि शेजाऱ्याला विचारावे, कारण ताबा कोणाचा आहे हे कोणत्याही पोर्टलवर दिसत नाही.

रिपोर्ट लिहिताना कोणते कागद मूळ पाहिले, कोणत्यांच्या केवळ प्रती पाहिल्या, कोणत्या वर्षांची सूची फाटलेली किंवा अनुपलब्ध होती आणि कोणती गोष्ट विक्रेत्याच्या तोंडी सांगण्यावर घेतली, हे वेगवेगळे नोंदवावे. निष्कर्षात टायटल निर्वेध आहे, अमुक अटी पूर्ण झाल्यास निर्वेध होईल किंवा या टप्प्यावर व्यवहार करू नये, यांपैकी एक बाजू स्पष्ट घ्यावी. अटींचे लांबलचक शेपूट लावून जबाबदारी टाळणारा रिपोर्ट अशिलाच्या काही कामाचा नसतो. गृहकर्जासाठी टायटलचा अभिप्राय देणाऱ्या, बँकेच्या पॅनलवरील वकिलाविषयीच्या के. नारायण राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये म्हटले, की केवळ अभिप्राय चुकला म्हणून वकिलावर कटाचा फौजदारी आरोप टिकत नाही. 2024 च्या निकालाने वकिलाची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर ठरली. असे असले तरी शिस्तभंगाची कारवाई आणि नुकसानभरपाईचा दिवाणी दावा हे दोन्ही मार्ग अशिलाला खुले राहतात, आणि त्या वेळी वकिलाला वाचवते ती हीच नीट लिहिलेली नोंद.

शहरात काम करणाऱ्याने फ्लॅटचा कायदा वेगळा अभ्यासावा. रेरा (स्थावर मालमत्ता नियमनाच्या) कायद्याच्या कलम 13 मुळे नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा लांबला तर कलम 18 खाली व्याज किंवा परतावा मागता येतो. जुन्या इमारतींसाठी 1963 च्या मोफा (फ्लॅटमालकीच्या) कायद्याखालील मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने न दिलेली मालकी सक्षम अधिकाऱ्यामार्फत संस्थेच्या नावे करणे) आणि पुनर्विकासासाठी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79-अ खालील 4 जुलै 2019 च्या मार्गदर्शक सूचना ही कामे पुढील बरीच वर्षे पुरणारी आहेत. सोसायटीचे काम घेताना नेमणूक सर्वसाधारण सभेच्या ठरावाने करून घ्यावी आणि बिल्डरच्या करारावरील अभिप्राय सभासदांसमोर मराठीतून समजावून सांगावा. केवळ सचिवाच्या कपाटात गेलेला अभिप्राय सोसायटीपर्यंत पोहोचला असे मानू नये.

आता अशिलाविषयी. पहिल्याच भेटीत अशील नेमका कोण, हे ठरवून लेखी पत्र द्यावे. जमिनीच्या व्यवहारात ‘दोघांचेही तुम्हीच बघा’ असा आग्रह नेहमी होतो. एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात विरुद्ध पक्षाचे काम घेता येत नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियमच आहे, आणि नियम नसता तरी ते टाळावे. हक्कसोडपत्राच्या वेळी हे सर्वांत कठीण जाते. भाऊ अशील असतो, बहीण आपुलकीने सही करायला आलेली असते आणि ‘कुठे करू सही?’ एवढेच विचारते. अशा वेळी भावांना थोडा वेळ बाहेर बसवून तिला सांगावे, ‘ताई, मी तुमच्या भावाचा वकील आहे. या कागदाने तुमचा या जमिनीतला हिस्सा कायमचा जातो. तुम्ही दुसऱ्या वकिलाला दाखवून मग सही केली तरी चालेल.’ एखादा भाऊ यावर नाराज होतो, पण असा दस्त पुढे दाव्यात टिकतो, म्हणजे हे शेवटी भावाच्याही हिताचेच असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागदावर सही करणाऱ्या माणसाला कागद समजलेला असणे हा त्याचा हक्क आहे, आणि वकिलाने तो जपला नाही तर तिथे दुसरे कोणी जपणारे नसते.

फीचे टप्पे कामाप्रमाणे पाडावेत: सर्च, रिपोर्ट, मसुदा, नोंदणी. व्यवहार पूर्ण झाला तरच फी, अशी बोलणी स्वीकारू नयेत. तसे केल्यास ‘थांबा’ म्हणण्याची वेळ येते तेव्हा वकिलाची जीभ जड होते. वकील नसलेल्या कोणाशीही फी वाटून घेण्यास नियमांची मनाई आहे, त्यामुळे एजंटाला कमिशन देऊन कामे मिळवण्याचा मार्ग पहिल्या दिवसापासून बंद ठेवावा. जाहिरातीलाही मनाई आहे, मात्र 2008 पासून संकेतस्थळावर ठरावीक माहिती देता येते. काम येते ते बँकेचे अधिकारी, सनदी लेखापाल, वास्तुविशारद, सोसायट्यांचे पदाधिकारी आणि मुख्यतः जुने अशील यांच्याकडून. मुद्रांक शुल्काचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नयेत. ग्रास या शासनाच्या ऑनलाइन भरणा प्रणालीवरचे चलन अशिलाच्या नावानेच भरू द्यावे.

परदेशातल्या मराठी अशिलांची कामे वाढत आहेत. तिथे केलेले कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावे, आणि महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही, हे त्याला विसार देण्याआधी सांगावे.

मूळ कागद घेताना यादी करून पोच द्यावी आणि काम संपताच त्याच यादीवर पोच घेऊन परत करावेत. फी थकली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात 2000 मध्येच ठरवले आहे. नोंदणी झाली म्हणून फाइल बंद करू नये. फेरफाराची नोटीस निघाली का, पंधरा दिवसांत कोणाची हरकत आली का, मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली का, याची तारीखवार आठवण ठेवावी आणि अशिलाचे नाव लागलेला डिजिटल सहीचा सातबारा त्याच्या हाती दिल्यावरच अखेरचे बिल पाठवावे.