एका कुकरात चौघांचं जेवण: गॅस पेटवण्याआधीची तयारी

जेवण एका भांड्यात शिजलं तरी मोरीत भांड्यांचा ढीग पडतो, कारण बहुतेक भांडी तयारी करतानाच खरकटी होतात. तांदळाचं पातेलं, डाळीची वाटी, चिरलेल्या भाजीची दोन ताटं, मसाल्याचे चार चमचे, खोबऱ्याची ताटली, आणि कुठेतरी फोडणीची कढई. म्हणून ही यादी मुख्यतः गॅस पेटवण्याआधीच्या कामांची आहे. नमुन्याला मसालेभात, मुगाची खिचडी आणि वरणफळं घेतली आहेत. मापं चौघांची आहेत आणि वाटी १५० मिलीची.

सुरुवात कुकरपासून करा. चौघांसाठी ५ लिटरचा घ्या. डाळ-तांदळाच्या पदार्थाने कुकर निम्म्याच्या वर भरू नये. डाळीला फेस येतो, तो वर चढून शिट्टीच्या नळीत शिरतो आणि शिट्टीबरोबर पिवळं पाणी उडतं. मग झाकण, शेगडी, मागच्या टाइल्स, सगळंच पुसत बसावं लागतं. मोठा कुकर आणि डाळीत चमचाभर तेल, एवढ्यानेच हे बहुतेक टळतं. शिट्टी काढून झाकण उजेडाकडे धरा. नळीतून उजेड आरपार दिसला पाहिजे. मागच्या वेळचा भाताचा कण आत अडकला असेल तर तो आत्ताच काढा. रबर हाताने ओढून पाहा. ती कडक झाली असेल, चिरली असेल किंवा सैल पडली असेल तर बदला. रबर वाफ सोडायला लागली की कुकरमध्ये दाब धरत नाही, शिट्टी होत नाही, पाणी मात्र बाजूने निघून जातं आणि भात बुडाला लागतो. गॅस मोठा असून सात-आठ मिनिटांत शिट्टी झाली नाही आणि कडेने सूं-सूं आवाज येत असेल, तर वाट पाहत बसू नका. गॅस बंद करा, वाफ जिरू द्या, उघडून पाणी बघा आणि अर्धी वाटी गरम पाणी घालून रबर नीट बसवून पुन्हा लावा.

आता मापं. क्रम कोरड्याकडून ओल्याकडे ठेवला की एका वाटीत आणि एका चमच्यात काम होतं. आधी तांदूळ मोजा, मग त्याच वाटीने डाळ, आणि पाणी सगळ्यात शेवटी. त्या पाण्याने वाटीही विसळली जाते. चमच्याचंही तसंच: मीठ, धणे-जिरेपूड, गोडा मसाला एका छोट्या ताटलीत वेगवेगळे ढीग करून काढा आणि तेल मोजायला तोच चमचा शेवटी वापरा. मिसळणाच्या डब्यातला चमचा डब्यातच राहू द्या. तांदूळ धुण्यासाठी जे पातेलं घ्याल, तेच पुढे विसळून कोशिंबिरीला वापरायचं आहे, म्हणून ते आधीच तेवढं मोठं घ्या. मसालेभाताचे तांदूळ दोन-तीनदा धुऊन, पातेलं तिरकं करून वीस मिनिटं निथळत ठेवा. पाणी किटलीत किंवा वेगळ्या पातेल्यात उकळत ठेवा. नुसतं पाणी तापवलेलं पातेलं खरकटं होत नाही, पालथं घातलं की झालं. गार पाणी ओतलं की फोडणी एकदम गार पडते आणि पुन्हा उकळी येईपर्यंत तांदूळ बुडाशी बसून राहतात. चिकटायला सुरुवात होते ती तिथेच.

चिरायला एकच ताट आणि एकच सुरी पुरते, क्रम पाळला तर. आधी तोंडली आणि बटाटा, मग मिरची-आलं, मग कांदा, शेवटी टोमॅटो, कारण त्याचं पाणी ताटभर पसरतं. खाली जुना पेपर घातला की सालं, देठं, कोथिंबिरीच्या काड्या सगळं त्यात गुंडाळून कचऱ्यात जातं. फोडींचा आकार महत्त्वाचा आहे. भाज्या आणि तांदूळ एकाच वेळी शिजणार, तेव्हा लवकर शिजणारी भाजी मोठी ठेवायची. तोंडली उभी चार भाग करून, बटाटा दीड इंचाचा, फ्लॉवरचे तुरे अख्खे राहतील एवढे मोठे. फ्लॉवर बारीक चिरला तर भातात विरघळतो आणि भात गिचका होतो. वांग्याच्या फोडी फोडणीत पडेपर्यंत मिठाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर काळ्या पडतात.

मसालेभातासाठी २ वाट्या तांदूळ, पाव किलो तोंडली, ३ मोठे चमचे तेल, ४ छोटे चमचे गोडा मसाला, २ छोटे चमचे धणे-जिरेपूड, २ छोटे चमचे मीठ, बोराएवढा गूळ आणि मूठभर काजू. जुना कोलम किंवा आंबेमोहोर असेल तर पाणी ४ वाट्या, नव्या तांदळाला साडेतीन, बासमतीला ३. टोमॅटो घालणार असाल तर पाव वाटी पाणी कमी करा. फोडणी थेट कुकरातच. तेल चांगलं तापल्यावर मोहरी, ती तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद आणि लगेच भाजी, म्हणजे हळद जळत नाही. भाजी दोन-तीन मिनिटं परतून तांदूळ घाला आणि दाणे तेलाने चकचकीत होईपर्यंत परता. गोडा मसाला तेलात टाकू नका. त्यातलं भाजलेलं खोबरं आणि तीळ गरम तेलात चटकन करपतात आणि भाताला कडवट चव येते. तो तांदळावर पाण्याच्या जरा आधी घाला.

पाणी ओतण्याची पद्धत मात्र लक्षपूर्वक सांभाळा, कारण भांडं घासायला किती वेळ लागणार ते इथे ठरतं. परतून झाल्यावर कुकरच्या तळाकडे बघा: कडेला आणि मधोमध एक तपकिरी, चिकट थर बसलेला असतो. भाजीचं पाणी, तांदळाचं पीठ आणि मसाला मिळून तो तयार होतो. सगळं पाणी एकदम ओतून झाकण लावलं तर तो थर तसाच खाली राहतो आणि शिट्टी होईपर्यंत काळा होतो. म्हणून आधी अर्धी वाटीच उकळतं पाणी घाला. ते चरचरतं, वाफ येते, आणि थर सैल होतो. तेवढ्यात लाकडी उलथन्याने तळ पूर्ण खरवडा, कडाही. उलथनं गुळगुळीत फिरायला लागलं की मगच उरलेलं पाणी, मीठ, गूळ घाला. खरवडलेला थर पाण्यात उतरतो, त्याची चव भाताला येते. चमच्याने पाणी चाखून बघा: नुसत्या पाण्याला मीठ किंचित जास्त लागलं पाहिजे, तेव्हा शिजलेल्या भाताला बरोबर होतं.

शिट्ट्या मोजण्यापेक्षा घड्याळ बघितलेलं बरं. मोठ्या आचेवर शिट्ट्या पटापट होतात, बारीक आचेवर उशिरा, त्यामुळे तीन शिट्ट्यांचा अर्थ प्रत्येक घरात वेगळा. मसालेभाताला मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी, मग गॅस बारीक करून चार मिनिटं, आणि बंद. त्यानंतर वाफ आपोआप जिरू द्या, दहा ते पंधरा मिनिटं. शिट्टी उचलून वाफ काढली तर आतलं पाणी पुन्हा जोरात उकळतं, पिठूळ फेस नळीतून बाहेर येतो आणि दाणा फुटतो. या दहा मिनिटांत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर करा, त्याच पातेल्यात. पापड थेट जाळावर भाजा.

मुगाची खिचडी त्या मानाने सोपी. १ वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, आसट हवी तर ६ वाट्या पाणी आणि मोकळी हवी तर साडेतीन. पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर सहा मिनिटं. तुरीची डाळ घालायची असेल तर ती तासभर भिजवावी लागते, नाहीतर तांदूळ गळून जातो आणि डाळ कचकचीत राहते. बोअरच्या जड पाण्यात डाळ आणखीच हट्टी होते. शक्य असेल तर तिथे फिल्टरचं पाणी वापरा.

वरणफळांना, म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडच्या चकोल्यांना, डाळ आधी पूर्ण शिजलेली हवी. कुकरात फोडणी करून भिजवलेली पाऊण वाटी तूरडाळ आणि ३ वाट्या गरम पाणी घाला, पहिल्या शिट्टीनंतर दहा मिनिटं. चिंच किंवा आमसूल आत्ता घालू नका, आंबटाने डाळ शिजायला अडते. डाळ शिजतेय तोवर दीड वाटी कणीक तेल, तिखट, ओवा, मीठ घालून पुरीसारखी घट्ट भिजवा. सैल कणकेच्या फळांचा लगदा होतो. पोळीपेक्षा किंचित जाड लाटून पोळपाटावरच शंकरपाळ्यासारखं कापा. झाकण उघडल्यावर डाळ रवीने घोटा, ५ वाट्या उकळतं पाणी, चिंच आणि गूळ घाला, आणि खळखळून उकळी आल्यावर फळं एकेक करून सोडा. मूठभर एकदम टाकली की एकमेकांना चिकटून गोळा होतो. झाकण न लावता मध्यम आचेवर बारा मिनिटं. एक फळ मोडून बघा: मध्ये पांढरी रेघ दिसत असेल तर अजून कच्चं आहे. वरून तुपात लसूण-लाल मिरचीची फोडणी हवीच. फोडणीत आधी घातलेल्या लसणाचा वास शिजताना निघून जातो. ही वरची फोडणी लोखंडी पळीत करा. पळी कागदाने पुसली की झालं, आणि एवढं जास्तीचं काम या पदार्थासाठी जरूर करावं.

वाढायचं कुकरातूनच, पाटावर ठेवून. उरलेलं अन्न दोन तासांच्या आत डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि रिकामा कुकर गरम पाण्याने भरा. ओला भात मऊ घासणीने निघतो, वाळलेल्याला तासभर लागतो. तारेच्या घासणीने स्टीलवर ओरखडे पडतात आणि पुढचा भात त्यांनाच धरून बसतो. स्टीलचा तळ करपलाच तर दोन वाट्या पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून पाच मिनिटं उकळवा, गार होऊ द्या, थर सुटून येतो. ॲल्युमिनियमच्या कुकरात सोडा घालू नका, तो काळा पडतो. तिथे चिंचेचा चोथा किंवा लिंबाची सालं उकळवा. रबर आणि शिट्टी वेगळी धुऊन, झाकणावर न चढवता, वाळत ठेवा.