विहिरीपाशी कोण भेटलं? पवित्र शास्त्रातला एक साचा ओळखताना

आमच्या मंडळीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात मी सुरुवात विहिरीपासून करते. उत्पत्ती २४, उत्पत्ती २९:१-१४ आणि निर्गम २:१५-२२ हे बायबलमधले तिन्ही भाग एकाच बैठकीत मोठ्याने वाचा. परमुलखातून आलेला पुरुष, विहीर, पाण्याला आलेली मुलगी, कुणीतरी पाणी काढणं, घरी निरोप, पाहुण्याचं स्वागत आणि पुढे लग्न. पुन्हा पुन्हा येणारा हा क्रम म्हणजेच साचा. तो वहीत डावीकडे लिहा आणि प्रत्येक गोष्टीला एक रकाना द्या.

आता सारखेपणा बाजूला ठेवून फरक शोधा. खरं वाचन इथून सुरू होतं. उत्पत्ती २४ मध्ये नवरदेव इसहाक विहिरीवर आलेलाच नाही, त्याच्या बापाचा दास आलाय. पाणी काढते होणारी नवरी रिबका, तेही दहा उंटांसाठी! तहानलेला उंट एका वेळी १०० लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो, हे सांगितलं की वर्गातल्या मुली तिच्याकडे नव्याने बघतात. पुढे २७व्या अध्यायात बापाचा आशीर्वाद कुठल्या मुलाला मिळावा याची सूत्रंही तीच हलवते. उत्पत्ती २९ मध्ये याकोबापुढे विहिरीच्या तोंडावरचा धोंडा आहे. दगड त्याची पाठ सोडत नाही: आधी बेथेलला उशाशी, नंतर सासरा लाबान याच्याशी करार करताना साक्षीला. निर्गम २ मध्ये मोशे मुलींना हुसकावणाऱ्या मेंढपाळांसमोर उभा राहतो. लोकांना सोडवणारा मोशे आपल्याला इथेच दिसतो.

साचा मोडतो तिथे तर थांबाच. १ शमुवेल ९:११ मध्ये पुढे राजा होणाऱ्या शौलाला पाण्याला निघालेल्या मुली भेटतात, पण तो वाट विचारून पुढे जातो. रूथ २:९ मध्ये परकी आहे ती बाई, म्हणजे रूथ, आणि पाणी गड्यांनी भरलेलं.

मात्र विहीर दिसली की लग्न, असं करू नका. उत्पत्ती २६ मधल्या विहिरी पाण्याच्या भांडणाच्या आहेत. निदान तीन-चार खुणा जुळल्याशिवाय मी साचा मानत नाही.

शेवटी योहान ४ घ्या. याकोबाची विहीर, भर दुपार, परमुलखातला पुरुष म्हणजे येशू, घागर टाकून गावात गेलेली शोमरोनी (शोमरोन प्रांतातली) स्त्री, दोन दिवसांचा पाहुणचार: सगळं जुळतं. पण ‘पाणी कुणी काढलं?’ हा रकाना कोराच राहतो. ‘लग्न’ हा रकाना भरताना योहान ३:२९ शेजारी उघडं ठेवा. तिथे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूला ‘वर’, म्हणजे नवरदेव, म्हटलेलं आहे.