निवांत राहायचं असेल तर नेपाळातलं तानसेन

मागावर बसणाऱ्या बाईची पाठ आणि डोळे सगळ्यात आधी थकतात. आमचं घर पैठणचं, विणकराचं. म्हणून सुट्टीला जायचं तर माझी अट एकच: एका गावी उतरायचं आणि तिथंच राहायचं. आपल्याकडचे लोक नेपाळला गेले की काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ एका दमात उरकतात, निम्मा वेळ गाडीतच जातो. विश्रांती हवी असेल तर पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनला तीन-चार रात्री राहा. नेवार या नेपाळी समाजातल्या व्यापाऱ्यांचं हे जुनं गाव श्रीनगर नावाच्या डोंगराच्या उतारावर वसलंय, उंची साधारण १३५० मीटर.

दिवाळी आटोपली की निघावं. तेव्हा हवा स्वच्छ असते. पावसाळा नकोच, बुटवलच्या पुढं सिद्धबाबापाशी दरडी कोसळतात. दशैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या दिवसांत सगळं नेपाळ आपापल्या गावी निघालेलं असतं, बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

छत्रपती संभाजीनगरहून मनमाड गाठायचं, तिथून गोरखपूरची गाडी. तिकीट आधीच काढून ठेवा. गोरखपूरहून बस किंवा जीपनं सोनौली. सीमा पायी ओलांडता येते. पलीकडं भैरहवा, मग बुटवल आणि तिथून घाट चढून तानसेन. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ हवं, नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. शंभराच्याच नोटा न्या, त्या घ्यायला कुणी कुरकुरत नाही. घड्याळ १५ मिनिटं पुढं करा.

खोली बाजाराच्या वरच्या अंगाला बघा. गल्ल्या इतक्या चढाच्या आहेत की सामान जितकं कमी तितकं बरं. पहाटे उठून श्रीनगर टेकडीवर जायचं. उत्तरेला धवलगिरी आणि अन्नपूर्णेच्या रांगा दिसतात. थंडीत दक्षिणेकडं मादी खोऱ्यात धुकं साचतं, खालची शेतं पार झाकून जातात. सोबत शाल हवीच, आपल्याकडच्या हिवाळ्यावर जाऊ नका.

दुपार बाजारात घालवा. शीतलपाटीच्या पांढऱ्या अष्टकोनी मंडपाजवळ बसलं की सगळं गाव समोरून जातं. पाल्पाचं ढाका कापड याच भागातलं, नेपाळी टोपी त्याचीच. माग चालू दिसला तर विचारून आत जा. मी तर तिथं तासन् तास बसते. नक्षीचा जादा धागा त्या बाया बोटांनी भरतात, आणि आपल्या पैठणीच्या काठाला लागतो तेवढा धीर त्यालाही लागतो. विकत घेताना कापड उलटून बघा: छापील असेल तर मागची बाजू फिकी दिसते, हातविणीत नक्षीचे धागे मागूनही बोटाला लागतात. भाव करताना विणणारीच्या दिवसाचा विचार करा, फार ओढून धरू नका. पितळी तोटीचा करुवा, म्हणजे पाण्याचं भांडं, ही इथली दुसरी ओळख, पण तो वजनाला जड.

जेवायला दाल-भात सगळीकडं मिळतो. चुकौनी मात्र मागून खा. उकडलेला बटाटा, दही, कांदा आणि वरून हळद-मेथीची फोडणी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आपल्या जिभेला ती लगेच आवडते.

एक दिवस राणीमहालासाठी ठेवा. काठमांडूहून हद्दपार होऊन पाल्पाला आलेल्या खड्ग शमशेर राणानं बायको तेजकुमारीच्या आठवणीत १८९०च्या दशकात कालीगंडकीच्या काठी तो बांधला. शाळिग्राम याच नदीचे, त्यामुळं आपली वडीलधारी मंडळी पाण्याला हात लावल्याशिवाय हलत नाहीत. चालत उतरणं सोपं, पण परतीची चढण गुडघ्यांची परीक्षा घेते. पन्नाशीच्या पुढच्यांनी येताना जीपच करावी.

परतताना तानसेनहून सकाळच्या पहिल्या बसनं निघा. सोनौलीला ट्रकांची रांग कधीही लागते, म्हणून गोरखपूरहून गाडी रात्रीचीच धरा.