गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) अपडेट करताय? आधी बॅटरी बघा
सॉफ्टवेअर टाकणं अवघड नसतं हो, निम्मी वाट लागते ती बॅटरीमुळे. ईसीयूत फाईल लिहिणं चालू असताना व्होल्टेज पडलं की अर्धवट फाईल राहते आणि गाडी स्टार्टच होत नाही. म्हणून साधा चार्जर नको, स्थिर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय लावा, साधारण १३ ते १३.५ व्होल्टवर. हेडलाईट, एसी, ब्लोअर, म्युझिक सगळं बंद. दार उघडबंद करत बसू नका, तेवढ्यानेही दुसरी मॉड्यूल्स (गाडीतले बाकीचे छोटे कॉम्प्युटर) जागी होतात आणि बॅटरी खातात.

मग स्टीअरिंगखालच्या १६ पिनच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतले बिघाड तपासायचं सॉकेट) इंटरफेस, म्हणजे गाडी आणि लॅपटॉप जोडणारं डिव्हाइस, लावा. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल फॉल्ट कोड वाचायला ठीक, पण फ्लॅश करायला (म्हणजे नवं सॉफ्टवेअर लिहायला) जे२५३४ (ईसीयू प्रोग्रामिंगचं स्टँडर्ड) वालं, केबलचं डिव्हाइसच घ्या. लॅपटॉप चार्जिंगवर, स्लीप मोड आणि विंडोज अपडेट बंद (हे विसरलात तर लॅपटॉप नेमका मधेच रीस्टार्ट होणार).

इग्निशन ऑन, इंजिन बंद. आधी चॅसी नंबर आणि आत्ताचा कॅलिब्रेशन आयडी (ईसीयूतल्या सॉफ्टवेअरचा नंबर) वाचून फोटो काढा, नवी फाईल त्याच हार्डवेअर नंबरची आहे ना ते अक्षर न अक्षर जुळवा, मगच स्टार्ट दाबा.

आता मीटरवरचे दिवे लुकलुकतील, फॅन फुल स्पीडला जाईल, घाबरू नका. टक्केवारी अडकल्यासारखी दिसली तरी केबल उपटू नका! फेल झालंच तर बूटलोडर (ईसीयूतला नवी फाईल घेणारा छोटा प्रोग्राम) बहुतेक वेळा शाबूत असतो, तीच फाईल परत टाका.

झालं की इग्निशन ऑफ, थोडं थांबा, कोड क्लिअर करा. आयडलिंग वरखाली वाटलं तर थ्रॉटल रीलर्न (हवेच्या झडपेची जागा ईसीयूला नव्याने शिकवणं) बाकी आहे.