हेलसिंकीतला अंधार, इंदूरचं ऊन

फिनलंडमध्ये, हेलसिंकीतल्या पहिल्याच डिसेंबरात मी दुपारी दोनपर्यंत झोपू लागले. तिथे महिनाअखेरीस सूर्य सव्वानऊनंतर उगवतो आणि सव्वातीनच्या सुमारास मावळतो. जेवण नकोसं, अभ्यास नकोसा, घरी फोनवर मात्र "मजेत आहे."

आईने आवाजावरूनच ओळखलं. मग रोज तिथल्या साडेसातला, म्हणजे इंदूरच्या अकराला, ती गच्चीवरून व्हिडिओ कॉल लावायची. उन्हाकडे पाठ करून आजी मटार सोलत बसलेली, सुपात शेंगांचा ढीग. "उठलीस का गं? दिवा लाव आधी!"

हा दिवा अंधारामुळे येणाऱ्या मरगळीवरचा, १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), डॉक्टरांना विचारून घेतलेला. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, जरा बाजूला ठेवून अर्धा तास बसायचं. टक लावून बघायचं नाही. आणि सकाळीच. संध्याकाळी लावला तर झोप उडते, दोन रात्री मी ते भोगलंय.

शिवाय दुपारी बाराला बाहेर चालणं, आभाळ असलं तरी. ढगाळ उजेडही खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो.

दहा-बारा दिवसांत नऊच्या तासाला वेळेवर पोचू लागले. यंदा दिवा ऑक्टोबरातच टेबलावर काढून ठेवलाय.