मालवण-गुहागरकडच्या होमस्टे आणि आंबा-काजूवाल्यांसाठी जीएसटीचं काम

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे रेट बदललेत तरी किती जणांच्या बिलात अजून 12 टक्के चालूच आहे, आधी ते बघा. आंब्याचा पल्प, जॅम, लोणचं आता 5 टक्क्यांत, बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आयटम मास्टर (मालाची यादी) उघडून एकेकाचा रेट बदलायचा, नुसतं वर एका ठिकाणी बदलून भागत नाही. ताजा आंबा पहिल्यापासून माफ आहे, तो पल्पच्या लाईनीत घुसवू नका!

रूमवाल्यांचं जरा वेगळं. दिवसाचं भाडं 7500 पर्यंत असेल तर 5 टक्के, पण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेला टॅक्स वजा करून घेणं) नाही, म्हणजे नवीन एसी, गाद्या, पडदे यांचा टॅक्स तुमच्याच खिशातून (हे कोणी धड सांगत नाही). भाडं ठरवताना धरा.

नोंदणी? नुसता माल विकत असाल तर वर्षाला 40 लाखांच्या विक्रीपर्यंत सूट, पण सोबत रूमही देत असाल तर 20 लाखच, इथे बरेच जण फसतात.

दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांनी जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचा तपशील) पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत, जीएसटीआर-3बी (टॅक्सचा हिशोब आणि भरणा) 20 पर्यंत. जीएसटीआर-1 भरल्यावर चूक दिसली तर 3बी भरायच्या आधी जीएसटीआर-1ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये सुधारा. पावसाळ्यात धंदा बंद असला तरी निल (शून्य व्यवहाराचं) रिटर्न भरायचंच, नाहीतर दिवसाला 20 रुपये लेट फी, निल 3बी तर 14409 वर एसएमएस करूनही जातं.